मुंजीआधी बिघडलेला घाणा: रामबागेतल्या कोल्ड ब्रूचं प्रकरण

इंदूरच्या रामबागेत आत्याकडे मे महिन्यात नातवाची मुंज होती. आदल्या संध्याकाळी घरची-जवळची ३० माणसं जमणार होती. वहिनींनी सगळ्यांना आधीच सांगून ठेवलं होतं की यंदा चहाचं पातेलं चढणार नाही, थंड कॉफी मिळेल. तीही दूध-साखर घुसळलेली नव्हे, कोल्ड ब्रू, म्हणजे थंड पाण्यात पूड तासन्‌तास मुरवून गाळलेली. दादाला, म्हणजे माझ्या आतेभावाला, पित्ताचा त्रास आहे आणि कोल्ड ब्रूने पित्त होत नाही असं त्याने कुठेतरी ऐकलं होतं. मुंजीला नऊ दिवस असताना वहिनींनी एक घाणा करून पाहिला. तिसऱ्या दिवशी सकाळी बाटलीचं झाकण फिरवलं तर फस्स झालं आणि ओट्यामागच्या टाइलांवर तपकिरी शिंतोडे उडाले. मग मला फोन आला.

मला का, तर माझा धंदा पाणी शुद्ध करण्याच्या यंत्रांच्या दुरुस्तीचा. पिशवीत पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा टीडीएस मीटर, थर्मामीटर आणि छोटा वजनकाटा असतो. एवढं सामान घेऊन फिरणाऱ्याला कॉफीही कळलीच पाहिजे, हे आत्याचं मत. मी चार उन्हाळे घरी कोल्ड ब्रू करतो आहे हेही खरं. तरी या प्रकरणात माझा पहिला अंदाज साफ चुकला.

वहिनींनी काय केलं होतं

मोठी काचेची बरणी. डब्यातली कॉफीपूड दोन वाट्या, नळाचं पाणी आठ वाट्या. शनिवारी रात्री नऊला ढवळून ओट्यावर ठेवली, रविवारी संध्याकाळी पाचला गाळायला घेतली. कृतीत लिहिलं होतं, ‘खोलीच्या तापमानाला १२ ते २४ तास’. वीस तास त्यात बसतात. कृतीप्रमाणे त्यांनी काही चुकवलं नव्हतं, आणि मला या प्रकरणात सगळ्यात जास्त रस वाटला तो यातच.

गाळायला चक्क्याचं मलमलचं फडकं घेतलं. पाच मिनिटांत कापडाची भोकं बुजली. वर काळा चिखल आणि खाली थेंब पडायला तयार नाही. मग वहिनींनी फडक्याला गाठ मारली आणि चक्का टांगतात तसं ते नळाला टांगलं. रात्री अकरापर्यंत टपकत राहिलं. शेवटी कंटाळून दोन्ही हातांनी पिळलं. हाती आलं ते लिटरभरही नाही, आणि गढूळ. दोन बाटल्या भरल्या. एकीत साखर घालून ठेवली, म्हणजे ऐन वेळी विरघळवत बसायला नको. फ्रिज आमरसाच्या डब्यांनी भरलेला, म्हणून दोन्ही बाटल्या बाहेरच राहिल्या.

“चव कशी होती?” मी विचारलं.

“पहिल्या दिवशी कडू. दुसऱ्या दिवशी कडू आणि वर आंबट,” वहिनी म्हणाल्या. “तिसऱ्या दिवशी कोणी चाखलीच नाही.”

“मी चाखली,” दादा म्हणाला.

साखरेची बाटली का फसफसली याला फार डोकं लावायची गरज नव्हती. गोड पाणी, मे महिना, बंद झाकण: यीस्टला आणखी काय लागतं? तिने साखर खाल्ली, वायू सोडला. बिनसाखरेची बाटली फसफसली नव्हती, पण वास तिलाही लागला होता. दोन्ही बाटल्या मोरीत रिकाम्या केल्या. बरणीच्या झाकणातली रबराची चकती नाकाशी धरली तर हिंगाचा वास. ती बरणी गेल्या वर्षी लोणच्याची होती. चकती फेकली. हे सगळं वरवरचं झालं. पहिल्याच दिवशी कॉफी कडू आणि गढूळ का झाली, ते यातून उलगडत नव्हतं.

माझा चुकलेला संशय

मी पाण्यावर संशय घेतला. रामबागेतल्या जुन्या घरांत असतात तशी इथेही पाण्याची तीन खाती आहेत: नर्मदेचं, बोरिंगचं आणि आरओचं. नर्मदेचं पाणी इंदूरला १९७८ पासून येतं, जलूदहून, सुमारे ७० किलोमीटरवरून, चढावर पंपाने उचलून. ते एक दिवसाआड येतं म्हणून गच्चीवरच्या टाकीत साठवायचं, आणि उन्हाळ्यात कमी पडलं की त्याच टाकीत बोरिंगचं सोडायचं. आपला माळवा काळ्या बसाल्टवर बसलेला आहे. इथलं बोरिंगचं पाणी जड असतं. आत्याकडच्या बोरिंगला माझ्या मीटरने ७८० दाखवले, नुसत्या नर्मदेच्या पाण्याला २४०, आरओला ४५. वहिनींनी वापरलेलं ओट्यावरच्या नळाचं मिश्रण ५१० निघालं.

मी लगेच निकाल देऊन मोकळा झालो: पाणी जड, म्हणून कॉफी बिघडली. आत्याने विचारलं, “अरे, पण याच पाण्याची सकाळची फिल्टर कॉफी तर छान होते?”

मला उत्तर सुचलं नाही. मग रीतसर करून बघायचं ठरवलं. तीन पेले, प्रत्येकात त्याच डब्यातली १५ ग्रॅम पूड आणि १२० मिली पाणी, पाणी मात्र वेगवेगळं. आमरसाचा एक डबा शेजारच्या काकूंकडे पाठवून फ्रिजमध्ये तेवढी जागा केली आणि चौदा तासांनी गाळून चाखलं. बोरिंगची कॉफी मचूळ लागली, कॉफीतला तजेला गेलेला. जड पाण्यातले बायकार्बोनेट कॉफीची आम्लं मारतात, त्याचा हा परिणाम. आरओची थोडी टोचरी आणि पातळ. नर्मदेची सगळ्यात बरी. पण कडू आणि गढूळ? तिन्ही सारख्याच. म्हणजे पाण्याने चव थोडी इकडची तिकडे झाली, मूळ दोष दुसरीकडेच होता. टीडीएस मीटरबद्दल गिऱ्हाइकांना मी नेहमी सांगतो की तो पाण्यात किती विरघळलंय ते सांगतो, काय विरघळलंय ते नाही. त्या दिवशी ते मलाच कोणीतरी ऐकवायला हवं होतं.

पेल्यातलं पाणी

मग डबा उघडला. पूड मैद्याहून थोडीशी जाड, बोटांना चिकटणारी. पाकीट कधीच फेकून दिलं होतं, त्यामुळे आत काय आहे हे कोणालाच ठाऊक नव्हतं. “कॉफी आहे, आणखी काय असणार?” आत्या म्हणाली.

काचेच्या पेल्यात थंड पाणी घेतलं, ते स्थिर होऊ दिलं आणि वरून चिमूटभर पूड भुरभुरवली. कॉफीचे कण तेलकट असतात, ते बराच वेळ वर तरंगतात. चिकोरी, म्हणजे कॉफीत मिसळतात ते एका झाडाचं भाजलेलं मूळ, तशी राहत नाही. पाच-सात सेकंदांतच वरच्या थरातून तपकिरी धागे सुटले, एकेक कण आपल्या मागे रंगाची शेपटी ओढत तळाला जायला लागला. मुंजा मुलगा, आत्या, वहिनी, आम्ही सगळे पेल्याभोवती वाकून बघत होतो. दोन मिनिटांत खालचं निम्मं पाणी चहासारखं झालं, आणि वर मात्र काही काळे कण तसेच कोरडे तरंगत होते.

ही भेसळ नव्हे. दक्षिणी फिल्टर कॉफीत चिकोरी हौसेने घालतात. आपल्याकडच्या नियमाप्रमाणे कॉफी-चिकोरी मिश्रणात कॉफी किमान ५१ टक्के हवी आणि प्रमाण पाकिटावर छापलेलं हवं. आत्याकडचं मिश्रण ७०:३० किंवा ६०:४० असावं. पितळी फिल्टरमध्ये तेच उत्तम लागतं: उकळतं पाणी, बारीक पूड, वीसेक मिनिटांचा खेळ, आणि चिकोरीमुळे डिकॉक्शनला, म्हणजे खाली उतरणाऱ्या अर्काला, येणारा तो दाटपणा. वर दूध आणि साखर. आत्याच्या प्रश्नाचं उत्तर हे होतं.

कोल्ड ब्रूमध्ये हेच अंगावर येतं. थंड पाणी कॉफीतून हळूहळू काढून घेतं, म्हणून तर इतके तास लागतात. चिकोरीला मात्र घाई असते. ती थंड पाण्यातही पटकन विरघळते. बरणी दहा मिनिटांत काळीभोर दिसायला लागते आणि आपण खूश होतो. तो रंग मुळाचा असतो, कॉफीचा अजून पत्ता नसतो. वीस तासांनी मिळतं ते चिकोरीचं कडवट गोडसर पाणी आणि त्यात कॉफी. शिवाय बारीक पुडीचे कण गाळून निघत नाहीत. फडकं पिळलं की ते बाटलीत उतरतात, तिथेही स्वाद सोडत राहतात आणि कडूपणा दिवसागणिक वाढतो. पिळायचं नाही हा नियम मी चक्क्याच्या फडक्याला हात लावणाऱ्या प्रत्येकाला सांगतो, आणि चक्का बांधणाऱ्या हाताला तो पटत नाही.

तेव्हा पूड बदलायची. चिकमगळूरकडच्या अरेबिका जातीच्या कॉफीच्या अख्ख्या बिया, मध्यम भाजलेल्या, चिकोरीशिवाय, माझ्याकडे होत्या. त्या मिक्सरच्या कोरड्या भांड्यात, दोन-तीन सेकंद फिरवून थांबायचं, भांडं हलवायचं, पुन्हा फिरवायचं. सलग फिरवलं की तळाशी पीठ होतं आणि वर अख्ख्या बिया उरतात. जाडी किती? वहिनींना मी ‘जाडसर’ म्हटलं, त्यावर त्यांनी सरळ विचारलं, “उपम्याच्या रव्याएवढी की लापशीच्या?” इतका नेमका प्रश्न कॉफीवाल्यांनी मला कधी विचारला नाही. उत्तर: लापशीच्या रव्याला जवळ. मग त्यांनीच मैद्याच्या चाळणीतून ती चाळली आणि खाली पडलेली भुकटी वेगळी काढली. १०० ग्रॅममागे बारा-तेरा ग्रॅम भुकटी निघाली. ती आत्याच्या फिल्टरमध्ये गेली.

‘खोलीचं तापमान’ कोणत्या खोलीचं?

पूड हा मोठा दोष. दुसरा कृतीतल्या त्या एका शब्दात लपला होता. ज्यांनी ‘खोलीचं तापमान’ लिहिलं त्यांच्या डोळ्यांपुढची खोली २०-२२ अंशांची. आत्याच्या स्वयंपाकघरात मी दुपारी चारला थर्मामीटर ठेवला: ३६. रात्री दहाला ३२. आणि ज्या नळाचं ‘थंड’ पाणी वहिनींनी घेतलं त्याला रात्री नऊला ३८, कारण गच्चीवरची काळी टाकी दिवसभर तापलेली. म्हणजे हा कोल्ड ब्रू मुळात कोमट पाण्यातच सुरू झाला होता. ५ ते ६० अंशांमध्ये जंतू वाढतात, आणि ३०-३५ म्हणजे तर त्यांची चैन. कॉफी फार आंबट नसते, तिचा पीएच, म्हणजे आंबटपणाचं माप, ५च्या आसपास. लिंबू-चिंचेसारखं संरक्षण तिच्यात नाही. उकळलेल्या कॉफीत निदान पाणी उकळलेलं असतं. इथे तेही नाही. वीस तास ओट्यावर, सहा तास नळाला टांगून, मग दोन दिवस बाटलीत बाहेर.

आत्याने इथे माळव्याची बाजू घेतली. “गच्चीवर ठेवा रात्री. शब-ए-माळवा, माळव्याची रात्र, उगीच म्हणत नाहीत.” तिचं लहानपण गच्चीवर झोपण्यात गेलेलं. मी हसलो नाही, करून पाहिलं. उकळून निववलेलं नर्मदेचं पाणी स्टीलच्या कळशीत भरलं, कळशीला ओला पंचा गुंडाळला, परातीत बोटभर पाणी घालून त्यात ती गच्चीवर ठेवली. मेमधली इंदूरची हवा कोरडी, वारा सुटलेला. पहाटे पाचला कळशीतलं पाणी २१ अंश. स्वयंपाकघर तेव्हाही ३१. शब-ए-माळवा जिंकली, पण सूर्य उगवेपर्यंतच. म्हणून कॉफी तिथे मुरवायची नाही. पाणी तेवढं असं गार करून घ्यायचं, म्हणजे भरलेल्या फ्रिजवर एकदम गरम पाण्याचा बोजा पडत नाही. मुरायचं ते फ्रिजमध्येच, ४-५ अंशांना.

दुसरा घाणाही फसला, पण वेगळ्या तऱ्हेने

मुंजीच्या चार दिवस आधी १०० ग्रॅमचा घाणा लावला. फ्रिजमध्ये बारा तास. स्वच्छ, गाळ नाही, कडू नाही. आणि कॉफीही नाही, असं दादा म्हणाला, ते बरोबर होतं. दोन कारणं. फ्रिजच्या थंडीत सगळं संथ होतं, बारा तास पुरत नाहीत. आणि ढवळायला आम्ही विसरलो होतो. ताज्या भाजलेल्या कॉफीत वायू अडकलेला असतो, ती वर येऊन टोपी धरते. गाळताना चमच्याने ती टोपी फोडली तर मधोमध लिंबाएवढा गोळा निघाला, आतून चक्क कोरडा. बारा तास पाण्यात बुडून कोरडा! पुढच्या घाण्याला आधी थोडंसं पाणी, पळीने सगळी पूड ओली होईपर्यंत दाबून ढवळणं, मग उरलेलं पाणी, तासाभराने पुन्हा एकदा पळी. आणि अठरा तास.

वाटीचं मापही सोडलं. बारीक पुडीची वाटी आणि जाड पुडीची वाटी यांत वजनाचा चांगलाच फरक पडतो. हिशेब असा बसला: ५०० ग्रॅम पूड, अडीच लिटर पाणी, म्हणजे वजनाने १ ला ५. पूड आपल्या वजनाच्या साधारण दुप्पट पाणी धरून ठेवते आणि ते परत देत नाही. लिटरभर गेलं, दीड लिटर अर्क उरला. पेल्याला ५० मिली अर्क, त्यावर १०० मिली गार पाणी किंवा दूध, आणि बर्फ. ३० पेले. अगदी काठोकाठ हिशेब, सांडायला वाव नाही.

याच हिशेबाने मी एक गोष्ट अडवली. अरेबिकात कॅफिन साधारण १.२ टक्के. ५०० ग्रॅममध्ये सहा ग्रॅम, त्यातलं चोथ्याबरोबर जाईल ते सोडून एका पेल्यात शंभर मिलिग्रॅमच्या आसपास उतरतं. निरोगी मोठ्या माणसाला दिवसाला ४०० पर्यंत चालतं असं मानतात, गरोदर बाईला २०० पर्यंतच. थंड आणि गुळगुळीत असल्यामुळे माणूस सरबतासारखा दुसरा पेला उचलतो आणि रात्री अडीचला छताकडे बघत पडतो. मुंजीचा मुहूर्त सकाळी सातचा. तेव्हा वडीलधाऱ्यांना २५ मिलीच, आणि मुलांना पन्हं.

दादाच्या पित्ताचंही सांगून टाकलं. फिलाडेल्फियातल्या दोन संशोधकांनी २०१८ साली गरम आणि कोल्ड ब्रू दोन्ही मोजून पाहिल्या, पीएच जवळपास सारखाच निघाला, ४.८५ ते ५.१३. गरम कॉफीत एकूण आम्लं थोडी जास्त होती एवढंच. थंड कॉफी जिभेला सौम्य लागते म्हणून ती पोटालाही तशीच, असं धरता येत नाही. शिवाय कॅफिन आहेच. दादाने ऐकून घेतलं आणि स्वतःसाठी पूर्ण ५० मिली राखून ठेवायला सांगितलं.

ती संध्याकाळ

अर्क आदल्या दिवशी गाळला: आधी साध्या चाळणीने, मग ओलं करून घेतलेल्या दुपदरी मलमलीतून, न पिळता. पाऊण तास लागला. वहिनींचा हात दोनदा फडक्याकडे गेला आणि दोनदा परत आला. बाटल्यांवर चिकटपट्टी लावून तारीख लिहिली. बिनसाखरेचा अर्क फ्रिजमध्ये आठवडाभराच्या आत संपवायचा. साखरेचा पाक वेगळ्या भांड्यात. चोथा ओल्या कचऱ्यात, सकाळच्या गाडीबरोबर. ओल्या कचऱ्यापासून गॅस करणाऱ्या देवगुराडियाच्या प्लांटमध्ये आता त्याचा गॅस झाला असेल.

तरुण मंडळींनी बर्फ घालून काळीच घेतली. मधल्या पिढीने दूध घातलं, मग पाक घातला, मग म्हणाले की छप्पन दुकानच्या खाऊगल्लीतली कोल्ड कॉफी जरा दाट असते. एका काकांनी पोह्यांवर भुरभुरवतात तो मसाला, जीरावण, मागितलं; ते गमतीने होतं की नाही ते शेवटपर्यंत कळलं नाही. माझ्या मते चव चांगली होती, थोडी सपक. अरेबिका एकटीच असल्यामुळे दुधात ती दबली. पुन्हा केली तर दुधासाठीच्या बाटलीत चौथा हिस्सा रोबस्टा जातीची कॉफी घालीन, आणि कॅफिन वाढतं म्हणून पेल्यातला अर्क त्या मानाने कमी करीन.

२६ पेले गेले, थोडा अर्क उरला. आत्या सगळ्यांना वाढून शेवटी बसली. तिला पेला दिला तर तिने तो हातात धरला, बर्फाचे खडे चमच्याने बशीत काढून ठेवले, आत जाऊन उरलेला अर्क एका वाटीत घेतला आणि त्यावर कडकडीत दूध ओतलं. एक घोट घेतला.

“ही चांगली झाली,” ती म्हणाली. “पण एवढी थंड करून मग गरम करायची, तर फिल्टरने काय घोडं मारलंय?”

वहिनी तेव्हा दुसऱ्या दिवशीसाठी काचेची बरणी धुऊन पालथी घालत होत्या. झाकणाची नवी चकती त्यांनी नाकाशी धरून पाहिली, आणि मग माझ्याकडे दिली.